नंबरचा सेफ्टी चष्मा: लेन्स किती जाड घ्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, लेथवर, ग्राइंडरवर, फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या जॉबवरचा जादा धातू काढायला, उभी असलेली कितीतरी माणसं नंबरवाली असतात. त्यांच्यासाठी हे लिहिलंय. दुकानात सेफ्टी चष्म्यावरून सगळ्यात जास्त घासाघीस किमतीवर होत नाही, ती होते "जरा पातळ करून द्या ना" यावर, आणि नेमकी तिथेच मला ठाम राहावं लागतं. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही.

माझ्या रोजच्या चष्म्यात पॉलीकार्बोनेटच आहे, अनब्रेकेबल म्हणून दिलेलं. तोच घालून ग्राइंडर चालवला तर चालेल ना?

नाही चालणार. मटेरियल बरोबर आहे, पण जाडी आणि फ्रेम दोन्ही कामाची नाहीत. रोजच्या चष्म्यात जी तयार स्टॉकमधली पॉली लेन्स बसवतात तिची मधली जाडी साधारण १ ते १.५ मिमी असते, कारण गिऱ्हाइकाला पातळ हवी असते आणि ऑफिसात बसणाऱ्याला तेवढी पुरतेही. पण लेन्स वाकायला किती विरोध करते हे जाडीच्या घनावर ठरतं, म्हणजे जाडी अर्धी झाली की ताठपणा अर्धा होत नाही, आठवा हिस्सा उरतो! १ मिमीची लेन्स २ मिमीच्या तुलनेत आठपट सहज वाकते. पॉली सहसा फुटत नाही हे खरंय, पण पातळ पॉली वाकून फ्रेमच्या खाचेतून सुटते आणि अख्खी लेन्स डोळ्यावर येऊन आदळते. जाडीचं काम फक्त फुटू न देणं एवढंच नाहीये, लेन्स जागेवर धरून ठेवणं हेही तिचंच काम आहे.

मग एकच आकडा सांगा, किती मिमी?

दोन आकडे लक्षात ठेवा, २ आणि ३. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या, विशेषतः एक्स्पोर्टवाल्या, अमेरिकेचं अन्सी झेड८७.१ स्टँडर्ड मागतात आणि त्यात नंबरच्या लेन्सचे दोन वर्ग येतात. साध्या धक्क्याच्या, म्हणजे बेसिक इम्पॅक्ट वर्गात लेन्स किमान ३.० मिमी हवी, फक्त प्लस ३ आणि त्यावरच्या नंबरला कडेला २.५ मिमीपर्यंत सूट आहे. हाय इम्पॅक्ट वर्गात किमान २.० मिमी. आता वाचताना उलटं वाटतं, जास्त ताकदीच्या वर्गात जाडी कमी कशी? कारण हाय इम्पॅक्टच्या टेस्ट खूप कडक आहेत आणि त्या व्यवहारात पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स (पॉलीसारखंच मजबूत लेन्सचं प्लास्टिक) हेच पार करतात, तर बेसिकमध्ये साधं प्लास्टिक आणि टफन केलेली काचसुद्धा चालते, मग तिथे जाडी वाढवूनच भरपाई करावी लागते.

म्हणजे "३ मिमी आहे, म्हणजे २ मिमीपेक्षा भारी" असं डोळे झाकून समजू नका. ३ मिमीचं साधं प्लास्टिक २ मिमीच्या पॉलीची बरोबरी करत नाही. आधी मटेरियल विचारा, मग जाडी.

या टेस्टमध्ये नक्की करतात काय?

हे समजलं की सगळं सोपं होतं. अमेरिकेत रोजच्या साध्या चष्म्याच्या लेन्सवर १६ मिमीच्या आसपासची, साधारण १६ ग्रॅमची पोलादी गोळी १.२७ मीटरवरून सोडतात. बेसिक सेफ्टीला उंची तीच पण गोळी २५.४ मिमीची, वजन ६७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चौपट मार. हाय इम्पॅक्टला दोन गोष्टी, एक म्हणजे टोकदार ५०० ग्रॅम वजन त्याच उंचीवरून चष्म्यावर सोडतात, आणि दुसरं, ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला साधारण ४६ मीटर वेगाने झाडतात. हिशोब केला तर ५०० ग्रॅमवाल्या टेस्टची ऊर्जा साध्या चष्म्याच्या टेस्टच्या तीसपट निघते. लेन्स फुटता कामा नये आणि फ्रेममधून सुटताही कामा नये.

युरोपच्या ईएन १६६ मध्ये अक्षरं असतात. एस म्हणजे वाढीव मजबुती, २२ मिमीची गोळी १.३ मीटरवरून. एफ म्हणजे ६ मिमीची गोळी ४५ मीटर प्रतिसेकंद, बी म्हणजे १२०, ए म्हणजे १९०. चष्म्याच्या आकारातली वस्तू एफच्या पुढे जात नाही, बी गॉगलला मिळतं आणि ए फेसशील्डला. आपल्या भारतीय मानकाचा नंबर आयएस ५९८३.

तुमच्याच लेन्सवर गोळी झाडून मग ती तुम्हाला देतात असं मात्र नसतं, हाय इम्पॅक्टची टेस्ट नमुन्यांवर होते. म्हणून तुमची लेन्स त्या नमुन्यापेक्षा पातळ बनली तर शिक्का असून उपयोग नाही.

जाडी लेन्समध्ये कुठे मोजायची? माझी तर कडेला ५ मिमी आहे.

कडेला ५ मिमी असेल तर तुमचा नंबर मायनस असणार, आणि मायनस लेन्सची सगळ्यात पातळ जागा मधोमध असते. स्टँडर्ड विचारतं ते त्या पातळ जागेचं. कड कितीही दणकट दिसली तरी मध्ये १.३ मिमी असेल तर ती लेन्स १.३ मिमीचीच धरायची, आणि उडालेला कण नेमका बुबुळासमोर यायला तीच जागा मोकळी आहे.

प्लसचं उलटं, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ. प्लसवाल्यांची लेन्स बघताना कड तपासायची, त्यातही बाहेरच्या कानशिलाकडची, कारण फ्रेम मोठी असली की तिथेच ती धारेसारखी होते.

२ घेऊ का ३? माझ्या जागी तुम्ही असता तर काय घेतलं असतं?

नंबर लहान असेल, समजा मायनस ३ पर्यंत, आणि काम ग्राइंडिंग, फेटलिंग, लेथ, चिपिंग असं कण उडवणारं असेल तर मी पॉलीत ३.० घेईन. वजन वाढेल म्हणाल तर हिशोब करून बघा: ५० मिमी व्यासाच्या पॉली लेन्सला एक मिमी जाडी वाढवली तर एका लेन्समागे साधारण २.४ ग्रॅम वाढतात, दोन्ही मिळून पाच ग्रॅमच्या आत. नाकाला ते कळत नाही.

मायनस ४ च्या पुढे गेलात की मी २.० ते २.२ वर थांबेन. कारण तिथे कड आधीच जाड असते आणि चष्मा जड झाला की माणूस तो कपाळावर सरकवतो, टोपीवर ठेवतो, मशीनवर काढून ठेवतो, आणि अपघात नेमका तेव्हाच होतो. आठ तास डोळ्यावर राहणारा २ मिमीचा चष्मा मला अर्धा वेळ खिशात असणाऱ्या ३ मिमीच्या चष्म्यापेक्षा शंभरदा चालेल. पण २ च्या खाली? कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

मायनस ४ ला कड किती जाड होईल? लग्नाच्या वयाचा मुलगा आहे हो, सोडावॉटरच्या बाटलीसारखं नको दिसायला.

ही काळजी खरी आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण दिसायला वाईट चष्मा मुलं घालतच नाहीत. तर हिशोब बघा. समजा लेन्स ५० मिमीची, नंबर मायनस ४, आणि बुबुळ बरोबर लेन्सच्या मध्यावर. पॉलीत मधल्यापेक्षा कड साधारण २.१ मिमीने जाड होते, म्हणजे मध्ये २.० घेतली तर कड ४.१ मिमी.

पण प्रत्यक्षात बुबुळ लेन्सच्या मध्यावर नसतं, आणि सगळी गंमत इथे आहे. फ्रेमच्या काडीवर आतून ५८-१६ असं काही छापलेलं असतं, पहिला आकडा लेन्सची रुंदी आणि दुसरा नाकावरचं अंतर. दोन्हींची बेरीज ७४. तुमचं दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, समजा ६२. मग प्रत्येक लेन्स आतल्या बाजूला ६ मिमी सरकवावी लागते आणि बाहेरची कड केंद्रापासून २९ अधिक ६, म्हणजे ३५ मिमी लांब जाते. तिथे मायनस ४ ची पॉली मधल्यापेक्षा ४.२ मिमीने जाड, एकूण ६.२ मिमी. आता तोच माणूस, तोच नंबर, तेच मटेरियल, फक्त फ्रेम ५०-१८ ची घ्या. बेरीज ६८, सरकवायचं ३ मिमी, कड २८ मिमीवर, आणि जाडी ४.७ मिमी. दीड मिमी वाचला, आणि मधल्या जाडीला हातही लावला नाही!

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पातळ हवं तर फ्रेम लहान करा, मधली जाडी कमी करू नका. फ्रेम निवडताना बुबुळ लेन्सच्या मध्याच्या जितकं जवळ बसेल तितकं चांगलं. दुकानात फ्रेम घालून आरशात बघा, डोळे नाकाकडे फार आत दिसत असतील तर ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे, मग ती कितीही देखणी असो. फक्त एवढं बघा की भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत झाकलं जातंय आणि साइडशील्ड, म्हणजे कानशिलाकडचा आडोसा, नीट बसतंय, लहान म्हणजे अगदी वाचायच्या चष्म्याएवढी पण नको.

१.६७ किंवा १.७४ ची महाग पातळ लेन्स टाकली तर? पैसे द्यायला तयार आहे.

पैसे वाचवा. हे आकडे म्हणजे लेन्सचा इंडेक्स, तो जितका जास्त तितकी त्याच नंबरला लेन्स पातळ होते. वरच्याच ५० मिमीच्या मायनस ४ लेन्सला १.६७ मध्ये कड मधल्यापेक्षा १.९ मिमीने जाड होते आणि पॉलीत २.१ ने. फरक पाव मिमी. आणि १.६७ साधारण बेसिक वर्गातच बसवतात, म्हणजे मध्ये ३.० ठेवावी लागते. मग कड झाली ४.९, तर २.० मिमीच्या पॉलीची कड ४.१. महाग लेन्सच जाड निघाली! मायनस ८ लाही हेच होतं, १.६७ ची कड ६.७ आणि पॉलीची ६.३. हाय इंडेक्स रोजच्या चष्म्याला छान आहे, तिथे मध्ये पातळ ठेवता येते म्हणून तिचा फायदा दिसतो. सेफ्टीच्या नियमात तो फायदा नाहीसा होतो, शिवाय १.७४ पॉलीपेक्षा जडही असते.

सिलिंडरचा नंबर आहे, त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि ॲक्सिसवर, म्हणजे कागदावर सिलिंडरपुढे लिहिलेल्या कोनावर पडतो. समजा मायनस ३, सिलिंडर मायनस १.५०, ॲक्सिस ९०. सिलिंडरची ताकद ॲक्सिसच्या काटकोनात लागते, म्हणजे इथे आडवी, म्हणून कानशिलाकडच्या कडेला तुमचा नंबर मायनस ४.५० धरायचा आणि जाडी तेवढी वाढणार. ॲक्सिस १८० असेल तर तीच ताकद उभ्या दिशेला जाते, तिथे फ्रेम कमी उंचीची असल्याने बाहेरून फारसं जाणवत नाही. दोघा भावांचा नंबर कागदावर सारखाच दिसतो आणि एकाचीच लेन्स जाड येते, ती यामुळे.

प्लस नंबरवाल्यांनी काय बघायचं?

कड, कड आणि कड. प्लसमध्ये कडेला किमान जाडी ठेवायची म्हणजे मध्ये लेन्स फुगणार आणि जड होणार, त्याला इलाज परत तोच, लहान आणि गोलसर फ्रेम. लॅबला फ्रेमचं माप आणि आकार आधी कळवला तर ते त्या मापाला जेवढी लागते तेवढीच जाडी ठेवून लेन्स घासतात. ७० मिमीची तयार लेन्स आणून कापली तर मध्ये उगाच जाड आणि कडेला भलतंच काहीतरी मिळतं. आणखी एक, प्लस २ वाल्याला २.५ मिमीची सूट लागू नाही, ती प्लस ३ आणि वरच्यांना. बेसिक वर्गात त्याला कडेलाही ३.० च लागतात.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर काचेचा चष्मा घालून लेथ चालवला, चरा पडत नाही म्हणून. काच का नको?

चरा कमी पडतो हे बरोबर. पण काच फुटली की तिचे तुकडे होतात, आणि ते डोळ्यापासून बोटभर अंतरावर. ग्राइंडिंगचे गरम कण काचेला चिकटून खड्डे पाडतात आणि अशी खड्डे पडलेली काच आणखी कमजोर होते. वजनही बघा, ५० मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीची सपाट चकती धरली तर काच १५ ग्रॅम, साधं सीआर-३९ प्लास्टिक, ज्याला दुकानात फायबरही म्हणतात, ते ८ ग्रॅमच्या जवळ, आणि २ मिमीची पॉली ५ ग्रॅमच्याही आत. वडिलांच्या काळात पर्याय नव्हता, आता आहे.

पॉली की ट्रायवेक्स?

दोन्ही चालतात. पॉलीचा इंडेक्स १.५८६, ट्रायवेक्सचा १.५३, म्हणजे ट्रायवेक्स थोडी जाड येते, मायनस ४ ला कडेला पाव मिमीच्या आसपास. पण ती हलकी आहे आणि नजर जास्त स्वच्छ. पॉलीत मोठ्या नंबरला कडेतून बघितलं की ट्यूबलाइटच्या किंवा मशीनच्या कडेभोवती निळी-पिवळी रेघ दिसते, कारण पॉली रंग जास्त फाकवते: तिचा ॲबे नंबर (जितका कमी तितके रंग जास्त फाकतात) ३० च्या आसपास, ट्रायवेक्सचा ४३ ते ४५, सीआर-३९ चा ५८. मायनस ५-६ च्या पुढे, आणि ज्याला इन्स्पेक्शनचं बारीक काम आहे त्याला, मी ट्रायवेक्स सुचवतो.

दुसरं कारण रसायनं. पेंटशॉपला, थिनर-ॲसिटोनजवळ काम असेल तर ट्रायवेक्सच घ्या. पॉलीला ॲसिटोन लागलं की ती पांढरी पडते, तिच्यात जाळं उमटतं आणि ताकद जाते. चष्म्यावर रंगाचा शिंतोडा उडाला म्हणून थिनरच्या फडक्याने पुसणारे खूप आहेत, कृपा करून असं करू नका, साबणाच्या पाण्याने धुवा.

अँटी-ग्लेअर कोटिंग टाकू का?

पॉलीवर हार्डकोट असतोच आणि असायलाच हवा, कारण नुसती पॉली मऊ असते. अँटी-ग्लेअर टाकायचं तर ज्या लॅबने तो कोट धरून सेफ्टीची टेस्ट केली आहे तिच्याकडूनच टाका. तो थर कडक आणि ठिसूळ असतो, मार बसला की तडा आधी त्यात जातो आणि तिथून खाली लेन्समध्ये उतरू शकतो, साध्या प्लास्टिकवर हे जास्त जाणवतं. फौंड्रीत आणि पावसाळ्यात मला अँटी-फॉग जास्त उपयोगी वाटतं, चष्मा धुरकटला की माणूस तो काढतोच. अमेरिकन स्टँडर्डच्या २०२० च्या आवृत्तीत अँटी-फॉगला एक्स हे अक्षर दिलंय, युरोपच्या ईएन १६६ मध्ये एन.

चांगली लेन्स आहे, ती माझ्या आवडत्या फ्रेममध्ये बसवून द्या ना.

बसवून मिळेल, पण त्याला सेफ्टी चष्मा म्हणता येणार नाही. सेफ्टी फ्रेमची खाच खोल असते आणि लेन्स मागच्या बाजूला, म्हणजे डोळ्याकडे, निसटू नये अशी ती बनवलेली असते. नंबरच्या सेफ्टी फ्रेमवर समोर आणि दोन्ही काड्यांवर झेड८७-२ असं छापलेलं असतं, हाय इम्पॅक्टच्या लेन्सवर कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण आणि अधिकचं चिन्ह असतं. दोन्ही बघून घ्या. रिमलेस आणि सुप्रा, म्हणजे खाली नायलॉनचा दोरा असलेली फ्रेम, या कामाला विसरा: लेन्सला भोक पाडलं किंवा कडेला खाच मारली की तिथेच ती कमजोर होते.

ग्राइंडरला नुसता नंबरचा सेफ्टी चष्मा पुरतो का?

नाही पुरत, आणि याचं उत्तर आकड्यातच आहे. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे फिरतो. १०० मिमीच्या चकतीच्या कडेचा वेग काढला तर सेकंदाला ५७-५८ मीटर येतो. वर सांगितलं तसं चष्म्याची टेस्ट ४६ मीटरला होते, तीही एका ग्रॅमच्या गोळीने. चकती फुटली तर जो तुकडा येतो तो कितीतरी जड असतो. अमेरिकन स्टँडर्डमध्ये फेसशील्डची टेस्ट ९१ मीटर वेगाला होते. म्हणून खाली चष्मा आणि वरून फेसशील्ड, दोन्ही. नुसतं फेसशील्डही नको, कारण काम बघायला माणूस ते वर करतो आणि शेजारच्याचा ग्राइंडर चालूच असतो.

वेल्डिंगला?

जाडीचा आणि वेल्डिंगच्या उजेडाचा काही संबंध नाही. स्वच्छ पॉली यूव्ही बऱ्यापैकी अडवते पण आर्कला गडद शेडच लागते, त्यासाठी हेल्मेट. हेल्मेटच्या आत मात्र नंबरचा सेफ्टी चष्मा जरूर घाला, हेल्मेट वर करून चिपिंग हॅमरने स्लॅग काढताना तोच कामाला येतो.

ॲसिड, कॉस्टिक हाताळतो, ३ मिमी घेतली तर बरं ना?

पाणी जाडी बघत नाही, ते बाजूने येतं. तिथे चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा स्प्लॅश गॉगल लागतो, चष्म्यावरून बसणारा.

चष्म्यावरून घालायचे ते मोठे प्लास्टिकचे चष्मे आहेत की, नंबरवाला वेगळा कशाला?

कधीमधी शॉपफ्लोअरवर चक्कर मारणाऱ्याला ते ठीक आहेत. रोज आठ तास नाही. दोन लेन्समध्ये चार पृष्ठभाग होतात, मधे वाफ धरते, कानावर दोन काड्यांचा दाब येतो, आणि आतला चष्मा काचेचा असेल तर मार बसल्यावर तो डोळ्याकडेच ढकलला जातो.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह सेफ्टीत मिळतं का?

मिळतं, जाडीचा नियम तोच, सगळ्यात पातळ जागा मोजायची. फक्त ऑर्डर देताना काम सांगा. सीएनसीचा स्क्रीन छातीसमोर असतो, लेथचा जॉब कमरेजवळ, आणि काही जणांना डोक्यावरचं वायरिंग बघायचं असतं, मग जवळचा भाग किती उंचीवर ठेवायचा ते बदलतं. मशीनपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा, डॉक्टरांनाही तेच सांगा.

एकाच डोळ्याने दिसतं, मी काय करू?

तुम्ही कामावर आणि घरी दोन्हीकडे पॉली किंवा ट्रायवेक्सच वापरा, कामावर तर पूर्ण सेफ्टी फ्रेमसकट. ज्या डोळ्याला दिसत नाही त्यालाही तशीच लेन्स बसवा, म्हणजे चष्म्याचा तोल राहतो. इथे पैशांचा विचार शेवटी करा.

जाडी मी स्वतः मोजू शकतो का? व्हर्नियर आहे माझ्याकडे.

वर्कशॉपवाल्यांचा हा लाडका प्रश्न. व्हर्नियरचे जबडे सपाट असतात आणि लेन्स आतून खोलगट. जबडा खोलगट बाजूच्या दोन कडांवर टेकतो, मध्यापर्यंत पोचतच नाही, आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. शिवाय चरे पडतात ते वेगळंच. चष्म्याच्या दुकानात लेन्सचा कॅलिपर असतो, त्याची दोन्ही टोकं निमुळती असतात, ती मध्यावर धरून स्प्रिंगवर सोडली की काटा जाडी दाखवतो. दुकानदाराला तुमच्यासमोर मोजायला सांगा, अर्धं मिनिट लागतं. मायनस असेल तर मध्यावर आणि आजूबाजूला दोन-तीन ठिकाणी, प्लस असेल तर फ्रेममध्ये बसवायच्या आधी कडेला. हो, आधीच! एकदा बसली की प्लसची कड खाचेत लपते.

कंपनीने चष्मा द्यायचा की मी घ्यायचा?

डोळ्यांचं संरक्षण ही आपल्या कायद्यात जुनी गोष्ट आहे, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ३५ डोळ्यांसाठीच होतं, कण उडणारं किंवा फार प्रखर उजेडाचं काम असेल तर आडोसा किंवा योग्य गॉगल पुरवण्याबद्दल. आता हे कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत एकत्र केलेत. तुम्ही सेफ्टी ऑफिसरला लेखी द्या की मला नंबर आहे आणि साधा प्लेन सेफ्टी चष्मा माझ्या कामाचा नाही, सोबत डोळ्यांच्या तपासणीचा कागद जोडा. बऱ्याच ठिकाणी कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही.

दुकानात ऑर्डर देताना नेमकं काय लिहून घ्यायचं?

नुसतं "सेफ्टी लेन्स" लिहू नका, त्याचा अर्थ जो तो आपापला लावतो. असं लिहून घ्या: मटेरियल पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायवेक्स, हाय इम्पॅक्ट, सर्वांत पातळ जागी किमान २.० मिमी (किंवा ३.०, जे ठरेल ते), स्टॉक लेन्स नको, लॅबमध्ये नंबरनुसार घासलेली, हार्डकोट, हवं तर अँटी-फॉग, फ्रेम झेड८७-२ छापाची आणि साइडशील्डसकट. त्यासोबत फ्रेमचं माप आणि पीडी. स्टॉकची लेन्स त्याच दिवशी बसवून मिळते, ही लॅबमधून यायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस थांबा. "तासाभरात देतो" म्हणणाऱ्याला मधली जाडी विचारा, उत्तर तिथेच मिळेल.

चष्मा हातात आला की तीन गोष्टी बघा: कॅलिपरचा आकडा, लेन्सवरची खूण, आणि लेन्स फ्रेममध्ये ताणून तर बसवली नाही ना. पॉली जबरदस्तीने कोंबली की कडेपासून बारीक तडे जायला लागतात, उजेडात तिरकी धरली की दिसतात.

किती दिवसांनी बदलायचा?

तारखेवर नाही, अवस्थेवर. खोल चरा, विशेषतः आतल्या बाजूचा, कडेला तडा, पांढुरकं जाळं, सैल झालेली लेन्स, यातलं काहीही दिसलं तर बदला. एकदा जोरात मार बसला असेल तर लेन्स वरून धड दिसली तरी बदला. नंबर बदलला तर अर्थातच नवीन, आणि जुना चष्मा नवख्या पोराला "तात्पुरता घाल" म्हणून देऊ नका, दुसऱ्याच्या नंबरमधून त्याला मशीनचं अंतर चुकीचं दिसेल आणि हात जाईल.

एवढं करूनही डोळ्यात कण गेला तर?

चोळू नका. आणि शेजारच्या मित्राला रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा मॅग्नेटने काढू देऊ नका, हे अजून सर्रास चालतं. नुसती धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. ॲसिड किंवा कॉस्टिक असेल तर ताबडतोब, डोळा उघडा धरून, किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, आणि मग लगेच डॉक्टर. वेगात उडालेला धातूचा कण असेल, डोळ्यात काही रुतलेलं दिसत असेल किंवा नजर अंधुक झाली असेल तर धूत बसू नका, दाब न देता वरून कागदी कप किंवा तसलं काही धरा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना तो चष्माही सोबत न्या, मार कुठून आणि किती बसला हे त्यावरून डॉक्टरांना कळतं.